तसबिरीतला पावणा

अंबादास पेंटरानं तसबिरीवरचं फडकं ओढलं आणि आक्का म्हणाली, "ह्यो कोण पावणा?"

सोप्यात जमलेली माणसं हसली. म्हातारी तोंडाची फटकळ, हे गंगावेशीपासून पंचगंगेच्या घाटापर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्यांना वाटलं, आजही कुणाची तरी फिरकी घेतली. हंबीरराव, तिचा थोरला, सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि हसता हसता त्यानं तालमीच्या आण्णांकडं बघितलं, बघा आमची आक्का, अशा नजरेनं. पण हसणं ओसरलं, कुणीतरी खाकरलं, पेंटरानं फडक्याची घडी घातली, ती उलगडून पुन्हा घातली, तरी आक्का शेणानं भरलेले हात अंगापासून लांब धरून तशीच उभी. तिला खरंच कळलं नव्हतं. तसबिरीत एक जवान होता. खाकी कपडे, छातीवर बिल्ले, दोन माणसांना पुरेल एवढी छाती, ओठावर झुपकेदार मिशी आणि मिशीची टोकं वर वळवलेली. मागं बर्फाचे डोंगर आणि डोंगरावर लालभडक सूर्य. पेंटर पूर्वी सिनेमाच्या कंपनीत पडदे रंगवायचा. हा सूर्य त्यानं तिथं इतक्यांदा उगववला होता की आता त्याचा हात आपोआप तिकडं जायचा. आक्कानं सूर्य बघितला, मिशी बघितली, मग खालची पांढरी अक्षरं एकाला एक जोडत वाचली, कारण तिची शाळा दुसरीतच सुटली होती. आ. का. रा. म. तिचा धाकटा. काश्मिरात पडला त्याला सात दिवाळ्या झाल्या होत्या.

"आकाराम हाय की, आक्का," हंबीरराव म्हणाला.

"नाव त्याचं हाय, वाचता येतंय मला. मिशी कुणाची?"

"जवान म्हटला की मिशी आलीच की," आण्णा म्हणाले. आण्णा तालमीचे कारभारी, भाषण केल्यासारखंच बोलायचे. "बिनमिशीचा जवान बघून तालमीतल्या पोरास्नी स्फुरण कसं चढणार? पाडव्याला संध्याकाळी तालमीत लावायची हाय. गावातली चार मोठी माणसं येणार."

धोंडुबाईनं, हंबीररावाच्या बायकोनं, पदर डोळ्याला लावला. "आत्ती, भावजी किती देखणे हुते," ती म्हणाली. आक्काच्या अंगाची लाही झाली. ही सून घरात आली तेव्हा आकाराम मरून वर्ष झालं होतं. तिनं त्याला कधी बघितलं नाही, त्याला ताट वाढलं नाही, त्याची मळकी कापडं आपटली नाहीत, आणि दरसाली त्याच्या दिवसाला सगळ्यांत जास्त रडायची तीच. आक्का पुढं झाली. नाकाशी नाक लावावं एवढी जवळ जाऊन तिनं त्या जवानाला न्याहाळलं, आणि मग मान वळवून थोरल्याकडं बघितलं.

"हंब्या, ह्यो तूच हाईस."

हंबीररावाचे कान लाल झाले. मागल्या आठवड्यात तो रोज दुपारी म्हशींना सरकी आणतो म्हणून बाहेर पडत होता आणि सरकी न घेता परत येत होता, त्याचा उलगडा आक्काला आता झाला. पेंटर मधे पडला. गरीब माणूस, कुणी ओरडलं की हात पुसायला लागायचा. "आक्का, माझ्यापुढं फोटो एकच. तालमीतला, सगळ्या पोरांचा. त्यात आकारामचं तोंड हललंय. नुसता धूर हाय. मग भावावरनं भाऊ काढला. चुकलं आसंल तर सांगा, रंग ओला हाय, आत्ता बदलतो. नाक कसं हुतं?"

आक्कानं सांगायला तोंड उघडलं. तोंड उघडं राहिलं. पेंटर वाट बघत होता, आण्णा वाट बघत होते, धोंडुबाई पदर खाली घेऊन वाट बघत होती.

"नाकासारखं नाक हुतं," आक्का म्हणाली. "शिंकायला लागायचं तेवढं हुतं." सगळे पुन्हा हसले, आणि त्या हसण्याचा फायदा घेऊन ती गोठ्यात निघून गेली.

गोठ्यात अंधूक होतं, बरं होतं. म्हशींना तिचं तोंड कसं झालंय त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तिनं शेणाची पाटी ओढली आणि जोर लावून जमीन खरवडायला लागली. नाक कसं होतं म्हणे. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराचं नाक आईला विचारतात! आणि का सांगता येऊ नये? गल्लीतल्या कुणाचंही सांगितलं असतं. आण्णांचं नाक मिरचीसारखं, पेंटराचं बसकं, हंब्याचं बापावर गेलेलं, धोंडुबाईचं रडून रडून कायम ओलं. मेलेल्या नवऱ्याचं सांगितलं असतं, त्याच्या नाकपुडीवरच्या तिळासकट. आणि ह्याचं? तिनं डोळे मिटले. आली ती पाठ. उघडी, घामानं चमकणारी, मणके मोजून घ्यावेत अशी हडकुळी पाठ. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढायला बसलेला, मानेवर केसांचा भोवरा, आणि कान. कान तिला पक्के आठवले. डावा कान उजव्यापेक्षा जास्त बाहेर आलेला, सकाळच्या उन्हात मागून लाल दिसायचा. बोटं आठवली, अंगठ्याच्या सांध्यावर धारा काढून आलेला घट्टा आठवला. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज, आधी तांब्याचा, मग दुधाचा. धार काढता काढता चरवीवरचा फेस बोटानं चाटायची त्याची खोड, आणि त्यावरून ती ओरडली की न वळता "न्हाय चाटत, आक्का" असं म्हणून पुन्हा चाटणं. न वळता. तेच तर. पोरगा कधी वळलाच नाही. ती भाकरी थापत असायची तेव्हा तो गोठ्यात, ती गोठ्यात आली की तो दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकापुढं म्हैस उभी करून पेल्यात धार सोडत, तिथंही तिच्याकडं पाठच. घरात आला तर ताटावर वाकलेला, आणि ताट संपलं की उंबऱ्याबाहेर. जिवंत होता तेव्हा एका जागी थांबला नाही आणि मेल्यावर सात वर्षांनी, आता बाई नीट बघते म्हणावं, तरी थांबायला तयार नाही. तिला त्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये असं धोंडुबाईला वाटत असेल. आक्काला रोज यायचा.

त्या फोटोचंही तसंच. तालमीनं कुठलंसं निशाण जिंकलं होतं, तेव्हा फोटोवाला आला होता. त्यानं डोकं काळ्या कापडात घातलं, सगळ्यांनी श्वास धरा म्हणाला. सगळ्यांनी धरला. आणि तालमीच्या दाराशी बांधलेली गजरी, तेव्हा ती रेडकूच होती, तिनं हंबरडा फोडला. वीस पोरं दगडासारखी बसली, आणि ह्या एकट्यानं मान फिरवली. फोटो आला त्यात सगळ्यांना नाकं, डोळे, मिशा, आणि आकारामच्या खांद्यावर चुलीतनं निघाल्यासारखा धूर. आक्कानं तेव्हा त्याला उभा आडवा सोलून काढला होता. एक फोटो, घरच्या माणसाचा पहिला फोटो, तोही त्या रेडकापायी घालवलास! त्यावर तो म्हणाला होता, "तिला तहान लागलेली, आक्का." म्हणाला असेल तेव्हा तिच्याकडं बघूनच म्हणाला असेल. वाक्य आठवतं, आवाज आठवतो, आणि जिथनं आवाज येतो तिथं धूर.

तिनं गजरीच्या पुढ्यातली गव्हाण साफ केली. गजरी आता पोक्त म्हैस झाली होती, शिंगं मागं जाऊन वळलेली, आणि स्वभावानं आक्कासारखी, असं गल्ली म्हणायची. रेडकू असताना तिला आकारामनं हाकेवर धावायला शिकवलं होतं. गल्लीत सगळ्यांच्याच म्हशी मालकाच्या हाकेवर धावायच्या, त्यात नवल नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून, मालक पुढं पळतो आणि म्हैस त्याच्या मागं, आणि ज्या घराची म्हैस नेमकी मालकाच्या पाठीशी जाऊन थांबते त्या घराची वर्षभर मान वर. प्रत्येकाची हाक वेगळी. पण आकारामची हाक म्हणजे एक भिकार प्रकार होता. खालचा ओठ डावीकडं ओढायचा, एक डोळा बारीक करायचा, हनुवटी आभाळात, आणि घशाच्या तळातनं, आर्र्र्या... हो, शेवटाला आवाज उचकी लागल्यासारखा फुटायचा. पहाटे, दुपारी, जेवता जेवता. शेजारची बायडाबाई एकदा काठी घेऊन आली होती, तान्हं पोर दचकतंय म्हणून. आक्का त्याला रोज वेडावून दाखवायची. तो अंथरुणात लोळत पडला की त्याच्या उशाशी उभी राहून, तसाच ओठ वाकडा करून, तसाच डोळा बारीक करून ओरडायची, "आर्र्र्या... हो! उठा महाराज, म्हशी खोळंबल्यात!" आणि तो पांघरुणातनं हसायचा. पुढं पुढं तिची नक्कल इतकी साधली की गजरी तिच्या हाकेलाही कान टवकारायची, आणि तो म्हणायचा, "आक्का, तुझी हाक माझ्यापरास बरी हाय." ह्याचा तिला कधी पश्चात्ताप वाटला नाही. वेडावून दाखवण्यासारखं पोर होतं, वेडावून दाखवलं.

मग एक दिवस दोन मित्रांच्या नादानं जाऊन पलटणीत नाव घालून आला. तिथं काय काम करतोस म्हणून विचारलं तर सुटीवर आलेला हा शहाणा म्हणतो, खेचरं सांभाळतो. आक्का पोट धरून हसली होती. घरच्या म्हशी टाकून पार मुलखाच्या टोकाला जाऊन खेचरांची उसाभर! "आनि खेचरास्नी बी वरडतोस व्हय?" "व्हय की. कळतंय त्यास्नी." ती सुटी शेवटची. बातमी आली तेव्हा काय झालं, कोण रडलं, तिनं काय केलं ह्यातलं काही तिला आठवत नव्हतं, आणि आठवावं अशी तिची इच्छाही नव्हती. आठवत होतं ते पुढच्या उन्हाळ्यात शाहूवाडीकडचा कृष्णात आला ते. आकारामच्याच पलटणीतला, एक पाय ओढत चालणारा. ओट्यावर बसून भाकरी आणि झुणका खाल्ला आणि खाऊन झाल्यावर, हात न धुता, तो सांगायला लागला. बर्फ होतं. रात्री माल लादलेलं एक खेचर दोर तोडून उताराला लागलं. साहेब म्हणाला, जाऊ दे, कुणी डोकं वर काढू नका. समोरच्या डोंगराच्या धारेवर दुश्मन. सगळे गप पडून राहिले. आणि आकाराम उठून उभा राहिला, हनुवटी वर केली आणि ती हाक दिली. "ती त्याची ती हाक, आक्का. आमी लई हसायचो त्या हाकेला." आवाजावर गोळ्या आल्या.

आक्कानं विचारलं होतं, "आनि खेचर?"

"खेचर आलं की," कृष्णात म्हणाला होता. "वर आलं आनि त्याच्याजवळ उभारलं. सकाळपातूर हाललं न्हाय."

ह्या दोन वाक्यांवर तिनं एवढी वर्षं काढली होती. कधी तिला वाटायचं, मूर्ख, मूर्ख कार्टं, साहेब सांगतोय गप पड तर गप पडावं की नाही, सगळे पडले, ह्याच्याच मानेला काय झालं होतं? फोटोत वळली, तिथंही वळली. आणि कधी भाकरी थापताना, काही कारण नसताना, मनात यायचं, खेचर आलं मात्र. आणि छाती अशी भरून यायची की तिचा तिलाच संताप यायचा.

कृष्णात सांगत होता तेव्हा हंबीरराव शेजारी बसला होता. सगळं त्यानं ऐकलं होतं. पण तालमीत पहिल्या वर्षी तो बोलायला उभा राहिला तेव्हा खेचर गळालं; दुसऱ्या वर्षी चौकी आली; तिसऱ्या वर्षी आकारामनं ती चौकी एकट्यानं लढवली; आणि आता तो सांगायचा तेव्हा दुश्मनांची संख्या त्याच्या घशात जेवढा दम असेल तेवढी वाढायची. संध्याकाळी तो गोठ्यात आला, तसबिरीचा विषय काढायला, तेव्हा आक्का पाटी बाजूला ठेवून उभी राहिली.

"कृष्णात सांगत हुता तवा तू बी हुतास न्हवं रं?"

"हुतो की."

"मग तालमीत चौकी कुठनं आणलास?"

हंबीरराव गजरीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "आक्का, खेचरापायी मेला म्हणून सांगितलं तर हार कोण घालंल गं? लोक हसतील. तुला काय, तू घरात बसतीस. मला कट्ट्यावर चार माणसांत उभारावं लागतंय." मग खालच्या आवाजात, "माझा बी भाऊ हुता त्यो. माझ्या तोंडात मला दिसतोय, तर दिसू दे की."

आक्कानं शेणाची पाटी पुन्हा उचलली. "सरकी आण जा," ती म्हणाली. "खरी."

पाडव्यापर्यंतचे दिवस तिनं सगळ्या घराला नको नको केलं. चकली मोडली म्हणून धोंडुबाईला बोलली, आणि चकली मोडली नाही तेव्हा ती कडक झाली म्हणून बोलली. रात्री पडल्या पडल्या ती त्याला समोर उभा करायचा प्रयत्न करायची. एकदा अगदी जवळ आला, उंबऱ्यापर्यंत, आणि वर बघितलं तर ओठावर ती मिशी. ती ताडकन उठून बसली. आता ही मिशी आत शिरली होती. तसबीर एकदा भिंतीला लागली की येताजाता दिसणार, आणि मग तिच्या स्वतःच्या मनातल्या धुरातही हंब्याचं नाक आणि पेंटराची मिशी जाऊन बसणार. ज्या दिवशी तिला तो जवान बघून "माझा आकाराम" असं वाटेल, त्या दिवशी पोरगं खरं गेलं. काश्मिरात गेलं ते काहीच नाही. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आईला पोराचं तोंड आठवत नाही म्हटल्यावर बायडाबाईनं सगळी पेठ गोळा केली असती. पेंटराच्या दुकानावरून जाताना ती मान खाली घालून जायची. तो बिचारा उठून विचारायचा, "आक्का, काय बदलू?" आणि ती म्हणायची, "तुझा सूर्व्या मावळव आधी."

पाडव्याला घाटावर म्हशी धुऊन आणल्या. शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग लावला, कवड्यांच्या माळा बांधल्या, कपाळावर मोरपिसं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला माणसं, गच्चीवर बायका, हलगी वाजतेय. एकेक मालक पुढं पळायचा आणि मागं काळीभोर म्हैस खुरांनी रस्ता दणाणत. हंबीररावानं नवा पटका बांधला होता. संध्याकाळी तसबीर लागायची, मोठी माणसं यायची, त्यामुळं आज म्हैस नीट धावायलाच हवी होती, आणि गजरी हे ओळखून असल्यासारखी रस्त्याच्या ऐन मध्यावर उभी राहिली. हंबीररावानं हाक दिली. गजरी रवंथ करत होती. त्यानं पुढं पळून दाखवलं, परत आला, पुन्हा पळाला.

"हंबीरराव, तुमीच पळा, म्हस बघतीया!" गच्चीवरनं कुणीतरी ओरडलं.

"पटका तिच्या डोस्क्याला बांधा, मग पळंल!"

मागं आणखी म्हशी खोळंबल्या, शिव्या सुरू झाल्या. हंबीररावाच्या कपाळावर घाम, पटका एका कानावर आलेला. त्यानं वेताची छडी वर केली. आक्का कडेला ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिला थोरल्याची कीव आली, गजरीचा राग आला, ओरडणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्याचा आला, ज्यानं हे जनावर असं एका हाकेचं करून ठेवलं आणि स्वतः निघून गेला. तिनं ताट धोंडुबाईच्या हातात कोंबलं, दोन पावलं पुढं झाली आणि त्या सगळ्या रागानं, त्याला उशाशी उभं राहून वेडावून दाखवायची तसंच, खालचा ओठ डावीकडं ओढून, एक डोळा बारीक करून, हनुवटी वर टाकून ओरडली, "आर्र्र्या... हो!"

बातमी आल्यापासून ती हाक तिच्या तोंडून निघाली नव्हती. शेवटाला आवाज फुटला, जसा त्याचा फुटायचा. हलगी थांबली का तिला ऐकू आली नाही, कुणास ठाऊक. गजरीनं रवंथ थांबवला, कान टवकारले, आणि ती म्हैस, कवड्या उडवत, माणसं दोन्ही बाजूंना पांगत असताना, सरळ आक्काच्या अंगावर धावत आली आणि तिच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबून तिनं गरम श्वास सोडला. पण आक्काचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. तिचा ओठ अजून ओढलेला होता, गालाची एक शीर ताणली होती, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुती पडली होती, आणि हे सगळं तिचं नव्हतं. ते त्याचं होतं. इतके दिवस ती त्याचं तोंड समोर शोधत होती, अंगणात, उंबऱ्यात, त्या धुरात, आणि ते इथं, तिच्या स्वतःच्या तोंडात, आतल्या बाजूनं, अंगरखा घालावा तसं बसलं होतं. नाक वर गेल्यामुळं नाकपुड्या रुंदावलेल्या. वरचा एक दात पुढं. गालाला एकाच बाजूची खळी. असं होतं तर नाक. तिला भीती वाटली, ओठ सैल सोडला तर पुन्हा जाईल.

"आक्का, हलू नका," अंबादास पेंटर म्हणाला.

तो दुकानाच्या फळीवर उभा होता, कानामागं ब्रश, डोळे फाडून तिच्याकडं बघत. आक्काचा ओठ सुटला. "हलू नको काय? मी काय दगडाचा नंदी हाय व्हय?"

"आक्का, तेच तोंड. पुन्हा करा. आत्ता या, दुकानात बसा, संध्याकाळच्या आत करतो."

आण्णा मधे पडले, लोक काय म्हणतील म्हणाले, हंबीरराव गजरीच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. मग सणाच्या दिवशी, भर दुपारी, टर्पेंटाइनच्या वासात, आक्का पेंटराच्या स्टुलावर बसली आणि ओरडली. रस्त्यावर माणसं जमली. पेंटर म्हणायचा, पुन्हा एकदा, आणि ती म्हणायची, "तुझ्या आज्ज्याचं देणं लागते व्हय मी?" आणि पुन्हा ओरडायची. पेंटरानं रॉकेलच्या चिंधीनं मिशी पुसली तेव्हा ती म्हणाली, "आता कसं." छाती निम्मी केली तेव्हा म्हणाली, "आनि थोडी कमी. जेवायचा कुठं धड." डावा कान त्यानं न विचारता बाहेर काढला, तेव्हा तिनं दचकून आपल्या कानाला हात लावून बघितला. सूर्य मात्र पेंटरानं ठेवला. तिला म्हणाला, "एवढा राहू दे, आक्का," आणि तिनं राहू दिला.

संध्याकाळी तालमीत पेट्रोमॅक्सच्या उजेडात तसबीर लागली. रंग ओला म्हणून हार बाजूच्या खिळ्याला अडकवला होता. आण्णांनी फडकं काढलं आणि "एकट्यानं चौकी..." एवढं म्हणून थांबले. भिंतीवर ओठ वाकडा केलेला, एक डोळा बारीक, हनुवटी आभाळाकडं टाकलेला, हडकुळा, एकोणीस वर्षांचा पोरगा बर्फात उभा राहून कुणाला तरी बोलावत होता. लढणाऱ्या माणसाचं ते तोंड नव्हतं. कुजबुज सुरू झाली. गावातल्या मोठ्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं.

हंबीरराव पुढं गेला, तसबीर बघितली. मग तो आक्काकडं वळला. "आक्का, ह्ये तर तुझंच तोंड हाय."

"मग त्यानं कुणाचं आणायचं हुतं?"

मागं कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसलेला एक म्हातारा पैलवान उठून तसबिरीखाली आला. त्याला कमी दिसायचं, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तो म्हणाला, "वरडाय लागलाय की ह्यो. कुणाला हाक मारतोय?"

आण्णा खाकरले. हंबीररावानं तोंड उघडलं. आक्कानं त्याच्याकडं बघितलं, आणि इतकी वर्षं तालमीत चौकी लढवणारा तो तिचा थोरला, मोठ्या माणसांच्या देखत, नवा पटका बांधलेला, खाली मान घालून म्हणाला, "खेचराला."

कुणी हसलं नाही. म्हातारा अजून वरच बघत होता.

"मग आलं का?"

"न यायला काय झालं," आक्का म्हणाली. "आलं की."